मोठ्या सुनेने लावलेला कौल

डोंबिवली पूर्व,
८ जुलै

कुलस्वामिनीच्या पायाशी बसून लिहिते.

सरोजवन्सं यांस वासंतीचा नमस्कार.

तुमचं पाकीट काल मिळालं. पोस्टमन हातात देऊन गेला तेव्हा आधी उलटसुलट करून पाहिलं. हल्ली वाईट बातमीसुद्धा कुणी पत्राने कळवत नाही. मग वाचलं की तुमचा फोन सान्वीच्या टॅबला जोडलेला आहे, तुम्हाला आलेलं अक्षर न् अक्षर तिथे उमटतं आणि नात ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवते. पत्र लिहिलंत ते शहाणपणाचं केलंत. त्यानंतर पत्रात जे लिहिलंत त्यात शहाणपण कुठे सापडतंय का, ते मी कालपासून शोधते आहे.

‘पन्नाशीनंतरची मैत्री : मार्गदर्शन वर्ग’. टेंभी नाक्याच्या मागच्या हॉलमध्ये, दर शनिवारी चार ते सहा, अडीचशे रुपये, चहासकट. वन्सं, अडीचशे रुपयांत माझ्या देवघराचा महिन्याचा कापूर, वाती, उदबत्ती भागते. आणि देव मला कधी म्हणत नाही की शेजारच्या गृहस्थाच्या डोळ्यांत दोन मिनिटं बघा.

शिकवणारी कोण, तर श्रिया. वय वर्षं एकोणतीस, लग्न व्हायचंय. ती साठ-सत्तरीच्या माणसांना सांगते की पहिल्या भेटीत आजार काढू नका, गेलेल्या जोडीदाराबद्दल थोडंच बोला, आणि समोरच्याचं बोलणं मान हलवत ऐका. आजार काढायचे नाहीत तर या वयात बोलायचं कशावर? तुमचं गुडघ्याचं, त्यांचं साखरेचं, एवढ्यावर तर सोसायटीच्या बाकावर संध्याकाळ निघते. त्याला कुणी अडीचशे रुपये घेत नाही.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात. सासूबाईंनी सांगितलं, लहान असली तरी वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं. एकेचाळीस वर्षं केलं. म्हणून आजही आदराने विचारते. डोकं ठिकाणावर आहे ना?

तुमच्या भावाला काही सांगितलेलं नाही.

वासंती

---

ठाणे,
१५ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र बाथरूममध्ये कडी लावून वाचलं. हसू ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. क्षिप्राने बाहेरून विचारलं, “आई, बादली भरली नाही का अजून?”

तुला सगळं सांगितलंच नाही. वर्गात खुर्च्या समोरासमोर मांडतात. मधे वाडग्यात चिठ्ठ्या. जी येईल ती समोरच्याला वाचून दाखवायची आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. माझ्यासमोर कल्याणचे एक गृहस्थ आले, विश्रामराव. सहासष्ट वर्षांचे. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, पस्तीस वर्षं मुलांच्या परीक्षानळ्या धुतल्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी नाशिकला. त्यांना चिठ्ठी आली : ‘तुम्हाला काय जमत नाही?’

वहिनी, हे मला कुणी कधी विचारलंच नाही गं. काय येतं ते विचारलं. पाहायला आले तेव्हा शिवण येतं का, भरतकाम येतं का. हे गेल्यावर विनीतने विचारलं, आई, तुला एटीएम येतं का. माझ्या तोंडून निघून गेलं, “मला पुरणपोळी जमत नाही. आमच्या वहिनी करायच्या आणि आईला वाटायचं मी केली.” ते इतके हसले की श्रियाने वळून पाहिलं. मग म्हणाले, “माझी तर साधी पोळीपण फुटते.”

एवढंच झालं. त्याला आता चार शनिवार झालेत. वर्ग संपला की आम्ही तलावपाळीला एक चक्कर मारतो आणि मी रिक्षाने घरी येते. गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं, पुढे काही विचार कराल का. लग्नाचा, रीतसर.

मी सात वर्षं एकटी आहे. विनीत चांगला आहे, क्षिप्राही सून म्हणून चांगली आहे. पण घरात माझ्याशी जे बोलतात ते सगळं ‘कुठे ठेवलंय’ आणि ‘किती वाजता आणायचं’ इतकंच असतं. तू शिव्या दे, पण सल्ला दे. तुझ्याइतकं माणूस ओळखणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

तुझी,
सरोज

---

डोंबिवली,
२१ जुलै

सरोजवन्सं यांस,

सल्ला मागितलात तर ऐका. हा फुकट आहे, चहा मात्र मिळणार नाही.

साठी उलटलेल्या पुरुषाला बायको नको असते. रक्तदाबाची गोळी कुठल्या डब्यात आहे हे सांगणारं माणूस हवं असतं. म्हणून आधी बघा, त्याला स्वतःच्या गोळ्यांची नावं पाठ आहेत का. नसतील तर तिथूनच रिक्षा करा. नखं बघा. चपला काढल्यावर टाचा बघा. हॉटेलात पोऱ्याला हाक कशी मारतो ते ऐका. गेलेल्या बायकोबद्दल फार गोड बोलत असेल तर त्याला तिच्या जागी तशीच्या तशी दुसरी हवी आहे. वाईट बोलत असेल तर तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दलही तेच बोलणार. आणि घर कुणाच्या नावावर, पेन्शन किती, मुलीचं म्हणणं काय, हे तलावपाळीच्या पहिल्या चकरेतच विचारायला हवं होतं. तुमच्या श्रियाने शिकवलं नाही का? ती मान हलवायला शिकवते.

परीक्षानळ्या धुतल्या म्हणे पस्तीस वर्षं. घरातला एक पेला तरी धुतला का, ते विचारा.

आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईच्या दिराने पासष्टाव्या वर्षी असंच केलं. सहा महिन्यांत नवी बाई माहेरी परत गेली. म्हणाली, याला रात्री पंखा पाच वर लागतो. या वयात माणसं बदलत नाहीत वन्सं, नुसती एकमेकांच्या अंगावर खेकसतात. एका घरातली सवय झालेली असते म्हणून खेकसणं ऐकू येत नाही, एवढंच. सगळ्यांचं तसंच असतं.

तरीपण तुम्ही माझ्या सासरच्या. पाहणं आम्हीच करायला हवं. तुम्हाला पाहायला आले तेव्हा पोहे मी केले होते, आता मुलगा मी पाहते. १२ ऑगस्टला अंगारकी आहे. त्यांना फडके रोडच्या गणपतीला सकाळी सातला यायला सांगा. दर्शनाच्या रांगेत उभं करते. दोन तास रांगेत माणूस खोटं वागू शकत नाही.

तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की ते चांगले वागतील.

वासंती

---

डोंबिवली,
१३ ऑगस्ट

वन्सं,

पाहिला तुमचा मुलगा.

पावणेसातला हजर होते. शर्ट इस्त्रीचा, पण इस्त्री स्वतः केलेली, डाव्या बाहीवर दोन घड्या. हातात घडीचं स्टूल. मला म्हणाले, “तुम्ही बसा, मी रांग बघतो.” मी म्हटलं, “उपास आहे, आजारी नाही.” मग ते स्टूल दोन तास नुसतं काखेत धरून उभे. आमच्या मागे एक बाई मूल घेऊन आली, तिला पुढे घेतलं. माझा नंबरसुद्धा देऊन टाकला, मला न विचारता!

मी विचारलं, “रोज पूजा करता?”

“दिवा लावतो.”

“स्तोत्र वगैरे?”

“एक येतं. मधलं कडवं विसरलोय, तिथे नुसतं हं हं करतो.”

देवासमोर हं हं! एकेचाळीस वर्षांत माझं एक कडवं चुकलं नाही.

“स्वयंपाक?”

“आमटी-भात मी करतो. पोळ्या शेजारच्या मंजुळाबाई देतात.”

“म्हणजे पोळ्यांसाठी लग्न करताय.”

“नाही हो. मंजुळाबाईंच्या पोळ्या फार चांगल्या असतात. तिथे काही अडलेलं नाही.”

गोळ्यांची नावं पाठ आहेत. टाचा स्वच्छ. पेन्शन बेताची, घर स्वतःच्या नावावर, दीड खोल्यांचं. बायकोबद्दल विचारलं तर म्हणाले, “तिचं माझं पटायचं नाही. शेवटच्या दोन वर्षांत पटायला लागलं, तेव्हा वेळ संपला.” असं कुणी परक्या बाईला सांगतं का? काही लाज?

आणि मग गाभाऱ्याच्या पायरीशी आलो तेव्हा मला विचारतात, “वासंतीताई, तुम्हाला काय जमत नाही?”

मी म्हटलं, “मला सगळं जमतं.”

तर म्हणाले, “मग फार दमायला होत असेल.”

हा माणूस आगाऊ आहे. मला पसंत नाही.

सान्वीचा ताप उतरला का?

वासंती

---

ठाणे,
१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

सान्वी बरी आहे. तुझं पत्र मी विश्रामरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पहिल्या वर्गात पास झालो.” कशावरून ते त्यांनाच माहीत.

पण आता हसण्यासारखं काही राहिलं नाही. रविवारी मी विनीतला सांगितलं. श्रिया म्हणते, मुलांना बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं. जेवणं झाल्यावर सांगितलं. तो म्हणाला, “आई, तुला इथे काय कमी आहे?” मी म्हटलं, “कमी काही नाही रे.” तो म्हणाला, “मग?” मी ताटं उचलायला घेतली. क्षिप्रा एवढंच म्हणाली, “सान्वीच्या क्लासला ने-आण कोण करणार ते सांगा, बाकी तुमची मर्जी.” तेव्हापासून विनीत माझ्याशी बोलत नाही. दुधाच्या पिशवीबद्दलसुद्धा क्षिप्रामार्फत.

तिकडे विश्रामरावांची मुलगी त्यांना दसऱ्यानंतर कायमचं नाशिकला नेणार आहे. कल्याणची जागा भाड्याने द्यायची बोलणी झाली आहेत. ते म्हणतात, मी थांबायला तयार आहे, पण कशासाठी थांबतोय ते तिला सांगावं लागेल. म्हणजे दसऱ्याच्या आत मला हो किंवा नाही सांगायचं आहे.

मला ठरवता येत नाही वहिनी. एक दिवस वाटतं जावं, दुसऱ्या दिवशी वाटतं लोक तोंडावर हसतील. म्हणून मागते आहे. आपल्या घरचा कौल मोठ्या सुनेनेच लावायचा, आजीपासूनची रीत. माझ्या लग्नाच्या वेळी आईने लावला होता. आता देवी तुझ्याकडे आहे. तू लाव. उजवा पडला तर मी विनीतला सोडून जाईन आणि मागे बघणार नाही. डावा पडला तर विषय संपला. तू सांगशील ते नव्हे, देवी सांगेल ते. तू काय सांगशील ते मला माहीतच आहे.

सरोज

---

डोंबिवली,
५ सप्टेंबर, शुक्रवार

वन्सं,

गौरी-गणपतीत सवड नव्हती. पितृपक्ष लागायच्या आत आज कौल लावला.

सकाळी सोवळ्यात, रीतीप्रमाणे. देवीच्या मुखवट्याच्या दोन्ही खांद्यांना तुळशीचं ओलं पान चिकटवलं, तुमचं नाव घेतलं, काय ते विचारलं.

डावं पान आधी पडलं.

देवीने नको म्हटलं आहे. यापुढे यावर मला काही लिहायचं नाही. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

वासंती

---

ठाणे,
१२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं. तलावपाळीच्या बाकावर. ते म्हणाले, “देवीच्या पुढे मी काय बोलणार.” मग रिक्षापर्यंत सोडायला आले. एवढंच.

तू ‘नको’ म्हणाली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते. देवीशी कोण भांडणार? एका अर्थी सुटले. वर्गही सोडला.

विनीत बोलायला लागला. पेढे आणले त्याने. क्षिप्राही खूश आहे. तिने स्वयंपाकाच्या शांताबाईंना येत्या पहिल्या तारखेपासून बंद केलंय. म्हणाली, “आई आता घरातच आहेत, तर उगाच बाहेरची बाई कशाला?” सान्वीला चित्रकलेचा आणखी एक क्लास लावलाय, मंगळवार-शुक्रवार, तिथेही मीच नेणार. म्हणजे शनिवारचं काही उरायलाच नको.

त्यांनी कल्याणच्या घरात खोकी भरायला घेतलीत, असं श्रियाचा फोन आला तेव्हा कळलं. मी तिला म्हटलं, मला आता सांगू नकोस.

तू माझ्यासाठी सोवळ्यात बसलीस, एवढं केलंस. मी विसरणार नाही.

तुझी,
सरोज

---

डोंबिवली,
२० सप्टेंबर

सरोजवन्सं,

उद्या सर्वपित्री अमावास्या, परवा घट बसायचे. हे पत्र पेटीत टाकल्याशिवाय मला देवीसमोर बसता येणार नाही, म्हणून आधी हे.

कौल उजवा पडला होता.

मी हात जोडायच्या आत पडला. पान ओलं कमी झालं असेल म्हणून पुन्हा भिजवून लावलं. पुन्हा उजवंच. तिसऱ्यांदा लावलं आणि डाव्या पानावर मी फुंकर मारली.

वाचलंत? फुंकर मारली. ज्या तोंडाने एकेचाळीस वर्षं स्तोत्रं म्हटली, त्या तोंडाने. आमच्या मंडळात कुणी पोथीचं पान उष्ट्या हाताने उलटलं तर मी चार बायकांसमोर तिची खरडपट्टी काढते. कल्याणचा तो मनुष्य मधलं कडवं हं हं करतो म्हणून मी त्याला हसले. त्याचं हं हं तरी त्याचं स्वतःचं आहे.

का केलं ते सांगते. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे. लोकांना मी कधीच भीक घातली नाही.

तुमच्या भावाने मला मारलं नाही, टाकलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ते मला हाकसुद्धा मारत नाहीत. ताटावर बसले की पळी ताटाला आपटतात, म्हणजे आमटी हवी. दोनदा आपटली म्हणजे भात. माझं गर्भाशय काढलं तेव्हा दवाखान्यात येऊन विचारलं, “लाइटचं बिल कुठे ठेवलंयस?” मी काही तक्रार केली नाही, कारण मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. तुम्हाला लिहिलंही तसं. घर म्हणजे हेच, पुरुष म्हणजे हेच, कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान, बाकी फरक नाही. या एका वाक्यावर मी सगळी वर्षं काढली.

आणि तुम्ही लिहिता की साठाव्या वर्षी एका माणसाने विचारलं, तुम्हाला काय जमत नाही. मग माझ्या डोक्यात आलं, म्हणजे सगळ्यांचं असं नसतं. म्हणजे हे माझ्याच वाट्याला आलं, आणि मी त्याला रीत समजून पूजा करत बसले. तुमचं होऊ दिलं असतं तर मला रोज ते दिसलं असतं. वन्सं, मी तुमची सुखाची गोष्ट एवढ्यासाठी मोडली की माझं एक वाक्य खरं राहावं. याहून हलकं काम मी दुसऱ्या कुणी केलेलं ऐकलं नाही, आणि मी ऐकते भरपूर.

शांताबाईंना बंद केलं हे तुम्ही लिहिलंत, त्या रात्रीपासून जेवण गेलं नाही. तुमच्या सुनेने केलं ते माझ्याच फुंकरीने.

काल मी कल्याणला गेले. पितृपक्षात मी दारात रांगोळी घालत नाही, पण गेले. रिक्षाने. तुमच्या भावाला सांगितलं देवळात जाते. हे दुसरं खोटं, तेही लिहून ठेवते. विश्रामरावांनी दार उघडलं. खोक्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या लावलेल्या, आत काय आहे ते सुवाच्य अक्षरात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, निदान बसा म्हणणार नाहीत. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “वासंतीताई, मला सांगून काय उपयोग? सरोजबाईंना सांगा. आणि त्यांनाही म्हणावं, आता पान नको. त्यांना काय हवं ते त्यांनीच सांगावं. मी दसऱ्यापर्यंत इथे आहे.”

तरीही सांगते, तो माणूस मला पसंत नाही. फार मऊ बोलतो. पण पसंती माझी विचारलेली नव्हती.

क्षमा मागत नाही. ती मागायला तोंड लागतं, आणि या तोंडाने काय केलं ते वर लिहिलं आहे.

वासंती

---

ठाणे,
४ ऑक्टोबर

वासंतीवहिनी,

तुझं पत्र वाचून मी नऊ दिवस तुला शिव्या दिल्या. नवरात्रात. रोज एक नवी. सान्वीला आणायला जाताना, रस्त्याने, मनातल्या मनात. एका रिक्षावाल्याने वळून पाहिलं, म्हणजे एखादी मनाबाहेरही गेली असणार.

तू मला एकेचाळीस वर्षं अहोजाहो केलंस आणि एका फुंकरीत माझं आयुष्य डाव्या बाजूला पाडलंस. वर मी तुझे आभार मानले! ते वाक्य मी परत घेते. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या भावाने, तुला जे केलं नाही त्याचा हिशोब तू माझ्याकडून वसूल केलास. त्याच्या पळीचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. आम्ही सगळे हसायचो. तुला कुणी विचारलं नाही, मीही नाही, हे खरं. म्हणून मी तुझी सुटका करत नाही.

पण एका गोष्टीत मी तुझ्यापेक्षा वाईट निघाले. मला स्वतःचं हो म्हणता येईना म्हणून मी ते तुळशीच्या पानावर टाकलं. तू निदान फुंकर मारलीस, मी तेवढीसुद्धा हिंमत केली नाही.

दसऱ्याला दुपारी विनीतला म्हटलं, “मी कल्याणला सोनं द्यायला जाते.” तो म्हणाला, “कुणाला?” मी नाव सांगितलं. क्षिप्रा म्हणाली, “आणि सान्वी?” मी म्हटलं, “सान्वीला आई आहे, बाप आहे, आणि ठाण्यात रिक्षा आहेत.” आणि जिना उतरले.

त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि मी हो म्हणाले. कुणाला विचारलं नाही. ते म्हणाले, “खात्रीने?” मी म्हटलं, “खात्री नाही, पण हो.” काल आम्ही विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोटीस दिली. महिनाभर थांबावं लागतं. म्हणजे तुळशीची लग्नं लागल्यानंतर आमचं.

आता कामाचं. तिथे तीन साक्षीदार लागतात. एक श्रिया, जिला तू हसलीस. दुसऱ्या मंजुळाबाई, पोळ्या देतात त्या. विनीत म्हणाला, “येईन, पण सही करणार नाही.” तर तिसरी साक्षीदार तू.

ही विनंती नाही. देवीची साक्ष तू खोटी दिलीस. आता सरकारसमोर येऊन खरी दे. आणि दादाला कुठे जातेस ते खरं सांगून ये.

मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि लग्नाच्या दिवशीही असेन. त्याची तयारी ठेव.

सरोज

---

डोंबिवली,
९ ऑक्टोबर

सरोज,

येते.

वन्सं लिहिलं नाही ते मुद्दाम. साक्षीदाराने नाव घ्यावं.

तुझ्या भावाला सांगितलं. ताटावर बसलेले होते. म्हटलं, “सरोज लग्न करते आहे, मी सही करायला ठाण्याला जाणार.” पळी हातात तशीच राहिली. म्हणाले, “या वयात तिला हे सुचलं कसं?” मी म्हटलं, “कुणीतरी विचारलं म्हणून.” त्यांना कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं नाही, माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता, दूध उतू जात होतं. थोड्या वेळाने पळी वाजली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “काय हवं ते नाव घेऊन सांगा.” मग म्हणाले, “आमटी.” माझं नाव घ्यायचं राहिलं. पुढच्या खेपेला बघू. फार आशा धरलेली नाही.

विनीत सही करणार नाही म्हणे. मग येतो कशाला, फोटोत उभं राहायला? त्याला सांग, मामीने विचारलंय.

श्रियाला सांग की मी तिच्याशी बोलेन, पण मान हलवणार नाही.

विश्रामरावांना त्या दिवशी इस्त्री स्वतः करू देऊ नकोस. डावी बाही तुझ्या ध्यानात राहू दे.

आधार कार्ड लागेल ना? फोटो किती? सही मराठीत चालते की इंग्रजीत, तेवढं लगेच कळव. मॅट्रिकच्या अर्जावर केली होती ती माहेरच्या नावाची. त्यानंतर बँकेत दोन-चारदा केली असेल, पण तिथे तुझा भाऊ बोट ठेवायचा आणि मी त्या बोटाखाली नाव लिहायचे. वर काय छापलंय ते कधी वाचलं नाही. कालपासून जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या पानांवर सराव चालू आहे. ‘वासंती’ बरं येतं, पुढचं वाकडं जातं.

तिथल्या साहेबांना आधीच सांगून ठेव, साक्षीदार म्हातारी आहे, वेळ लावेल. कागदावर काय लिहिलंय ते मी पहिल्या ओळीपासून वाचणार आहे, आणि खरं असेल तरच खाली सही करणार आहे.

वासंती